एकच ग्लायडर : हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या पहिल्या दशकाचा इतिहास

कारखान्याचा इतिहास लिहायचा म्हटले की हात आपोआप आकड्यांकडे जातो. जमीन किती एकर, कामगार किती, विमाने किती बांधली, किती दुरुस्त केली, भांडवल कितीचे किती झाले. हे आकडे लागतातच. त्यांच्याशिवाय स्मरणिका म्हणजे नुसती आरती होते. पण हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या पहिल्या दहा वर्षांचा हिशेब केवळ असा मांडला तर एका नोंदीला त्यात जवळजवळ जागाच उरत नाही. युद्धाच्या काळात या कारखान्याने स्वतःच्या आराखड्यावरून दहा आसनांचे एक वाहतूक ग्लायडर बांधले. त्याचे नाव जी-१. ते एकच बांधले गेले. त्याचे उत्पादन झाले नाही, ते कोणत्या मोहिमेवर गेले नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी त्याचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. माझे म्हणणे असे की ही ओळ संस्थेच्या इतिहासाच्या मध्यभागी हवी. कारखाना उभा राहिला १९४० मध्ये. पण दुसऱ्याने दिलेले कागद वाचून विमान जुळवणारा कारखाना आणि स्वतःच्या कागदावर विमान काढणारी संस्था यांतले अंतर पहिल्यांदा ओलांडले गेले ते या ग्लायडरमध्ये. शिवाय पुढच्या काळात या संस्थेला काय साधले आणि काय साधले नाही, याची रेषाही त्याच यंत्रात आखली गेली होती.

सोलापूरचा उद्योजक, म्हैसूरची जमीन

हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात झाली. तिच्यामागे सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. १९१९ मध्ये त्यांनी इतरांच्या साथीने सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली आणि ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीत भारतीय मालकीची जहाजे चालवून दाखवली. जून १९४१ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने विशाखापट्टणला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. मोटारींचा कारखानाही त्यांनी पुढे उभा केला. पाणी, हवा आणि रस्ता या तिन्ही मार्गांवर भारतीय बनावटीची वाहने चालावीत, हा त्यांचा ध्यास होता आणि तिन्ही ठिकाणी त्यांना परकीय सरकारच्या अनिच्छेशी झगडावे लागले. १९३९ च्या अखेरीस पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवत होते. त्या भेटीतून बंगळूरच्या योजनेला तांत्रिक आधार मिळाला. जागेचा प्रश्न म्हैसूर संस्थानने सोडवला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी सुमारे ७०० एकर जमीन देऊ केली, आणि वालचंदांनी घातलेल्या २५ लाख रुपयांइतकेच भांडवल संस्थाननेही घातले. मार्च १९४१ मध्ये भारत सरकार तिसरे भागीदार झाले.

सरकारचे हे येणे मनापासूनचे नव्हते. भारतात विमाने बनू शकतात हे मान्य करण्याची गरज त्याला शांततेच्या काळात कधी वाटली नव्हती. ती युद्धाने आणली. कारखान्याला मिळालेल्या कामाचे स्वरूपही त्या गरजेपुरतेच होते. हार्लो जातीची प्रशिक्षण विमाने, कर्टिस हॉक ही लढाऊ विमाने आणि व्हल्टी ही बॉम्बफेकी विमाने, तिन्ही अमेरिकन. त्यांचे भाग अमेरिकेतून यायचे, आराखडे अमेरिकेतून यायचे, जुळणी बंगळुरात व्हायची. पहिले हार्लो ऑगस्ट १९४१ मध्ये तयार झाले, पहिले हॉक जुलै १९४२ मध्ये. वर्षापूर्वी ज्या माळावर काहीच नव्हते तिथे आठ महिन्यांत विमान उभे राहिले, ही कामगिरी लहान नव्हे. तरीही त्यातले कौशल्य प्रामुख्याने हाताचे होते. पंखाची जाडी अमुक का, शेपूट इतके लांब का, हे प्रश्न बंगळुरात कोणी विचारण्याची गरज नव्हती. त्यांची उत्तरे कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्क राज्यात आधीच दिली गेली होती.

१९४२ च्या वसंतात सगळेच पालटले. मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले. ६ एप्रिलला विशाखापट्टणवर बॉम्ब पडले. त्याच्या चारच दिवस आधी, २ एप्रिल रोजी, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला होता. म्हैसूर संस्थाननेही कारभारातला सहभाग सोडला. नवी विमाने बांधण्यापेक्षा असलेली विमाने उडती ठेवणे आता निकडीचे होते, त्यामुळे उत्पादनाचा कार्यक्रम मागे पडला आणि दुरुस्ती पुढे आली. संस्थापक कारखान्याबाहेर गेले, परदेशी विमानांची जुळणी थांबत आली. अशा या घालमेलीच्या वर्षांत स्वतःचा आराखडा काढण्याचे काम इथे झाले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इंजिनाशिवायचे विमान

ग्लायडरचा आराखडा करणारे डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूर परिसरातले. जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. पंखावरून वाहणारी हवा त्याला उचलते कशी आणि अडवते किती, याचे गणित ज्यांनी आधुनिक रूपात मांडले, त्यांत प्रांट्ल यांचे नाव अग्रभागी येते. त्या शाळेत शिकलेला माणूस बंगळूरच्या कारखान्यात येतो आणि त्याच्या हातून पहिले यंत्र बाहेर पडते ते ग्लायडर. याला मी योगायोग मानत नाही. जर्मनीत ग्लायडर कसे वाढले ते पाहिले की कारण उमगते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे लष्करी हवाई दल मोडीत काढले आणि इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने घातली. तेव्हा तिथले तरुण अभियंते ऱ्होनच्या टेकड्यांवर गेले. १९२० पासून वासरकुप्पच्या उतारांवर दरवर्षी इंजिनाशिवायच्या विमानांच्या स्पर्धा होऊ लागल्या. इंजिन नाही, म्हणून त्यांनी हवेचा आणि सांगाड्याचा इतका बारकाईने अभ्यास केला की पंधरा वर्षांनी बंधने झुगारली गेली तेव्हा त्यांच्याकडे आराखडाकारांची एक अख्खी पिढी तयार होती.

भारताला कोणत्या तहाने बांधले नव्हते, पण इंजिन इथेही नव्हते. विमानाचे इंजिन बनवायला लागणारे मिश्रधातू, अचूक यंत्रे, चाचणीची सोय, त्यामागचा दोन पिढ्यांचा अनुभव, यांतले देशात काहीच नव्हते आणि युद्धाच्या धामधुमीत बाहेरून मिळण्याची आशाही नव्हती. विमानातून इंजिन वजा केले की जे उरते ते म्हणजे पंख, धड, शेपूट, नियंत्रणे, भार आणि त्या सगळ्यांचा तोल. नेमका हाच भाग त्या वेळी भारतीय माणसाच्या आवाक्यात होता. त्यासाठी गणित लागते, चांगला सुतार आणि चांगला फिटर लागतो, चुकांची कारणे शोधणारे डोके लागते. ग्लायडर निवडणे म्हणजे कमी प्रतीचे काम निवडणे नव्हे. जे काम पूर्णपणे स्वतःचे होऊ शकते ते निवडणे होय. हार्लो आणि हॉक ही संपूर्ण विमाने होती, पण त्यांतला विचार उसना होता. जी-१ अपुरे विमान होते, पण जेवढे होते तेवढे स्वतःचे होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ग्लायडर म्हणजे टेकडीवरून सोडायचे खेळणे. त्यावरून संस्थेचा पाया मोजणे म्हणजे अतिशयोक्ती. वाहतूक ग्लायडर काय चीज असते हे ध्यानात घेतले की हा आक्षेप टिकत नाही. १० मे १९४० च्या पहाटे जर्मनीने बेल्जियमचा एबेन-एमाएल हा किल्ला घेतला तो दहाएक माणसे वाहणाऱ्या डीएफएस-२३० ग्लायडरमधून त्याच्या छपरावर सैनिक उतरवून. जी-१ ची आसनक्षमता साधारण त्याच वर्गातली. ब्रिटनचे हॉर्सा पंचवीस-अठ्ठावीस सैनिक किंवा जीप आणि तोफ नेत असे. मार्च १९४२ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ब्रिटिश हॅमिलकारचा पंख ११० फूट लांब होता आणि त्याच्या पोटात सात टनांचा रणगाडा मावत असे. जर्मनीच्या मेसरश्मिट ३२१ चा पंख ५५ मीटरचा, आणि त्याने २० टनांहून अधिक माल उचलला. अशा यंत्रात भार थोडा पुढेमागे झाला तरी तोल जातो. ओढणारा दोर ताणला-सैलावला की पंखाच्या मुळाशी हिसके बसतात. आणि उतरताना एकच संधी असते, कारण चुकले तर पुन्हा वर जायला इंजिन नाही. ज्या आराखडाकाराने माणसांनी भरलेले ग्लायडर काढले, त्याने विमानशास्त्रातल्या जवळजवळ सगळ्या मूळ प्रश्नांना हात घातला असे म्हणावेच लागते.

घडले असते तर

इथे एक मोहात पाडणारी कल्पना समोर येते. समजा, सरकारने जी-१ वर थांबण्याऐवजी पुढचे पाऊल टाकले असते. समजा, बंगळुरात हॅमिलकारच्या तोडीचे भारतीय जड ग्लायडर शेकड्यांनी बांधले गेले असते आणि ब्रह्मदेशाच्या रणांगणावर बुलडोझर, तोफा, खेचरे घेऊन उतरले असते. मग या संस्थेचा इतिहास किती दिमाखदार झाला असता! ही कल्पना देशाभिमानाला सुखावते, म्हणून तिची नीट तपासणी करणे आवश्यक आहे. काल्पनिक इतिहासाचा खरा उपयोगच हा असतो. न घडलेली गोष्ट पुरती मांडून पाहिली की घडलेली गोष्ट तशी का घडली हे कळते.

पहिली अडचण दोराच्या दुसऱ्या टोकाला आहे. ग्लायडर जितके जड तितके त्याला ओढणारे विमान बलवान लागते. हॅमिलकारला चार इंजिनांचे हॅलिफॅक्स लागले. मेसरश्मिट ३२१ ओढायला तीन लढाऊ विमाने एकत्र जुंपावी लागली आणि ती पद्धत इतकी धोक्याची ठरली की दोन हाइंकेल विमाने जोडून पाच इंजिनांचे एक वेगळेच विमान बनवावे लागले. भारतात तेव्हा अशी विमाने ग्लायडरसाठी मोकळी सोडणे शक्यच नव्हते. ज्या इंजिनाच्या अभावामुळे आपण ग्लायडरकडे वळलो, तोच अभाव जड ग्लायडरच्या वाटेत पुन्हा उभा राहिला असता. दुसरी अडचण हवामानाची. मोठी ग्लायडर लाकूड आणि प्लायवूडची असत आणि त्यांची सारी मदार सरसावर. लाकडी सांगाड्याच्या ब्रिटिश मॉस्किटो विमानांचे जोड या भागातल्या उष्ण-दमट हवेत सुटू लागल्यामुळे नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांची उड्डाणे काही काळ थांबवावी लागली होती. लंडनजवळच्या कारखान्यात जो जोड पक्का असतो तो इथल्या पावसाळ्यात पक्का राहीलच असे नाही. शेकड्यांनी ग्लायडर बांधून ती उघड्यावर उभी ठेवायची म्हणजे हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण ग्लायडरच्या स्वभावातच आहे. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवरच्या हल्ल्यात ब्रिटिश सैनिकांना घेऊन १४४ ग्लायडर निघाली. त्यांतली जवळजवळ निम्मी समुद्रात पडली आणि सुमारे २५० माणसे बुडाली. ब्रह्मदेशात ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातल्या लालाघाट तळावरून साठाहून अधिक अमेरिकन वाको ग्लायडर चिंडिट सैनिकांना घेऊन जपानी रेषांमागच्या ब्रॉडवे या ठिकाणाकडे निघाली. एकेका डाकोटामागे दोन-दोन ग्लायडर जुंपलेली होती. पस्तीसच्या आसपास ग्लायडर पोहोचली. अंधारात, ओंडक्यांनी आणि खड्ड्यांनी भरलेल्या माळावर उतरताना त्यांतली बरीच मोडली, तीसएक माणसे गेली. तरी पाचशेहून अधिक माणसे, थोडी जनावरे आणि छोटे बुलडोझर पोहोचले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या बुलडोझरनी धावपट्टी सपाट केली आणि त्या रात्रीपासून डाकोटा विमाने उतरू लागली. पुढच्या आठवडाभरात जी हजारो माणसे आणि शेकडो खेचरे आत गेली ती मुख्यतः या विमानांतून. ग्लायडरने दार उघडले. आतबाहेर जा-ये केली ती इंजिनाच्या विमानांनी. मोहीम यशस्वी करूनही ग्लायडरचा ढिगारा माळावरच राहिला.

भारतातच १९४४-४५ मध्ये ग्लायडरच्या सहा स्क्वाड्रन उभ्या करण्यात आल्या होत्या. आग्नेय आशिया परत जिंकण्यासाठी त्यांची तयारी चालू होती. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले आणि त्या न लढताच विसर्जित झाल्या. पुढच्या पाच-सात वर्षांत मागून दार उघडणारी मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टर आली, आणि लष्करी ग्लायडरचे प्रयोजनच संपले. आता त्या कल्पनेतल्या कारखान्याकडे पाहा. १९४५ च्या अखेरीस त्याच्याकडे शेकडो न वापरलेली लाकडी धडे, ती बांधण्याचे साचे, आणि ज्याला पुन्हा मागणी येणार नाही अशा एकाच मालात तरबेज झालेले कामगार उरले असते. उत्पादनाचा आकडा मोठा असता, भविष्य मात्र लहान. जी-१ एकावर थांबले हे कोणाच्या दूरदृष्टीने झाले असे मी म्हणत नाही. ते युद्धाच्या प्राधान्यांमुळे झाले. पण परिणाम असा की ग्लायडर बांधताना मिळालेले ज्ञान संस्थेला लाभले आणि ग्लायडरच्या उत्पादनाचे ओझे तिच्यावर पडले नाही.

दुरुस्तीची वर्षे

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यानुसार हिंदुस्थान एअरक्राफ्टला घडवले ते ग्लायडरने नव्हे, दुरुस्तीने. सप्टेंबर १९४३ मध्ये कारखान्याची व्यवस्था अमेरिकन लष्करी हवाई दलाकडे गेली आणि तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा हवाई डेपो झाला. डाकोटा, कॅटालिना, मिचेल, लिबरेटर अशी विमाने या हँगरांतून खोलून, तपासून, पुन्हा जोडून बाहेर पडली. हजारो तरुण रिव्हेट मारायला, पत्रा वाकवायला, इंजिन उघडायला इथेच शिकले. कामाच्या वेळा, तपासणीचे तक्ते, हत्यारांची शिस्त हे सारे त्या वर्षांत अंगवळणी पडले. युद्धानंतर हाच कारखाना रेल्वेचे पोलादी डबे बांधू शकला तो याच शिदोरीवर. १९४८ मध्ये तर या कामगिरीने कळस गाठला. अमेरिकन-ब्रिटिश फौजा जाताना कानपूरला लिबरेटर विमाने निकामी करून टाकून गेल्या होत्या. ती पुन्हा कामाची होणार नाहीत असाच त्यामागचा हेतू होता. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यांतली चाळीसच्या घरातली विमाने उडण्यापुरती दुरुस्त केली, कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला आणली, आणि नव्या स्वतंत्र देशाच्या हवाई दलाला जड बॉम्बफेकी विमाने मिळाली.

हे सर्व खरे आहे, आणि याचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण दुरुस्ती कितीही उत्तम असली तरी तिला मूळ विमान लागते, आणि मूळ विमान दुसऱ्याच्या विचारातून आलेले असते. दुरुस्ती करणारा 'हा भाग आधी कसा होता' असे विचारतो. आराखडा करणारा 'हा भाग कसा असावा' असे विचारतो. पहिल्या प्रश्नाने हात तयार होतात, दुसऱ्याने संस्था स्वतंत्र होते. दोन्ही प्रश्न विचारणारी माणसे एका छताखाली असणे हेच विमान कारखान्याचे बळ. युद्धकाळात पहिला प्रश्न विचारणारे हजारो होते आणि दुसरा विचारणारे मूठभर. म्हणून मूठभरांचे काम दिसेनासे झाले. इतिहासकाराने दिसेनासे झालेले काम आधी शोधावे, कारण मोठे काम स्वतःच नजरेत भरते.

खंड की सातत्य

तिसरा आक्षेप सातत्याचा. जी-१ आणि संस्थेचे पुढचे स्वतःचे विमान यांच्यात बरीच वर्षे गेली. मधल्या काळात आराखड्याचे काम जवळजवळ थांबले. मग एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडणे कितपत रास्त? याचे उत्तर माणसांच्या वाटचालीत आहे. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा डॉ. घाटगे यांच्याकडे आली. कारखान्यात ज्या ज्ञानाला काही वर्षे काम उरले नव्हते ते काही मैलांवरच्या वर्गात शिकवले जाऊ लागले. विंड टनेलमध्ये पंखाच्या नमुन्यांवरून हवा सोडून मोजमापे घेणारी मुले तिथे तयार झाली. तो विभाग पुढे देशातल्या विमान आणि अवकाश क्षेत्राचा आधार बनला. १९५१ मध्ये तिथे सतीश धवन रुजू झाले हे सांगितले तरी त्याच्या विस्ताराची कल्पना येते. कारखान्याच्या वहीत जिथे रिकामी जागा दिसते, तिथे खरे तर काम गावाच्या दुसऱ्या टोकाला चालू होते.

१९४८ मध्ये घाटगे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये परतले. त्या सुमारास कारखाना ब्रिटिश पर्सिव्हल प्रेंटिस हे प्रशिक्षण विमान परवान्यावर बांधत होता. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचा आराखडा झाला आणि ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन मुन्शी यांनी ते उडवले. दीडशेहून अधिक एचटी-२ बांधली गेली. भारतीय वैमानिकांच्या अनेक तुकड्या त्यावर शिकल्या, आणि घानाच्या हवाई दलानेही ती घेतली. मागाहून पुष्पक, कृषक आणि १९६४ मध्ये उडालेले किरण हे जेट प्रशिक्षण विमान आले. किरणच्या कामातही घाटगे यांचा प्रमुख वाटा होता. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आराखडा विभाग एका रात्रीत उभा राहत नसतो. १९५१ च्या एचटी-२ मागे आधी एकदा पूर्ण यंत्राची जबाबदारी पेललेला माणूस होता, आणि ती जबाबदारी त्याने पेलली होती ग्लायडरवर.

वजा केलेला भाग

शेवटचा आक्षेप माझ्या मांडणीच्या पोटातच आहे, आणि तो मीच पुढे करायला हवा. इंजिन वजा करून जे उरले ते आपण आपले केले, असे मी वर म्हटले. मग वजा केलेल्या भागाचे काय झाले? एचटी-२ चा सांगाडा आपला, पण नाकातले इंजिन ब्रिटिश सिरस मेजर. किरणमधले जेट इंजिन ब्रिटिश व्हायपर. जर्मन आराखडाकार कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली इथे घडलेले मरुत १७ जून १९६१ रोजी उडाले. ध्वनीच्या वेगाच्या दुप्पट वेगासाठी कल्पिलेले ते विमान ऑर्फियस इंजिनाच्या ताकदीपाशी अडले आणि अपेक्षित इंजिन कधी मिळालेच नाही. आज याच संस्थेत बनणाऱ्या तेजसला अमेरिकन इंजिन बसते. मधल्या काळात परवान्यावर इंजिने बनवण्याचा विभाग बंगळुरात उभा राहिला, त्याने मोठे काम केले. पण परवान्यावर इंजिन बनवणे आणि स्वतःचे इंजिन काढणे यांत तेच अंतर आहे जे हार्लो जुळवणे आणि जी-१ काढणे यांत होते.

काहींना यावरून वाटेल की ग्लायडरनेच संस्थेला चुकीची सवय लावली. इंजिनाशिवाय भागवण्याची वाट तिथेच पडली. मला हे पटत नाही. जर्मनीनेही ग्लायडरपासून सुरुवात केली, पण इंजिनाकडे पाठ फिरवली नाही; बंधने सैल होताच तिथे दोन्ही वाटा जुळल्या. वजाबाकी करण्यात चूक नव्हती. वजा केलेली रक्कम नंतर तितक्याच निश्चयाने परत जमेला धरली गेली नाही, ही उणीव. इंजिनाचे काम सांगाड्यापेक्षा कितीतरी सावकाश, खर्चिक आणि अपयशांनी भरलेले असते. त्याला एका घाटग्यांपेक्षा अनेक घाटगे आणि तीस-तीस वर्षांचे धैर्य लागते. १९४२ मध्ये ते शक्य नव्हते म्हणून कोणाला दोष देता येणार नाही. पण १९५१ नंतर एचटी-२ च्या यशाने भारावून न जाता 'आता उरलेल्या अर्ध्या भागाचा आराखडा' असे कोणी ठामपणे म्हटले असते, आणि त्याला पैसा व मुदत दिली असती, तर मरुतचा आणि त्यानंतरचा इतिहास वेगळा होऊ शकला असता. हे मात्र काल्पनिक ग्लायडरासारखे स्वप्नरंजन नाही. त्या वेळी देश स्वतंत्र होता, कारखाना सरकारचा होता, माणसे शिकलेली होती.

म्हणून या संस्थेच्या कालपटात जी-१ ला स्वतंत्र ओळ द्यावी, आणि त्या ओळीत 'एक' हा आकडा न लपवता छापावा. तो आकडा लाजिरवाणा नाही. त्याच्याशेजारी हार्लो, हॉक, डाकोटा आणि लिबरेटर यांचे आकडे असतील. त्यांच्यामुळे संस्था जगली. पण ज्या यंत्रात पंखापासून शेपटापर्यंत प्रत्येक 'का' चे उत्तर याच देशातल्या कागदावर लिहिले गेले, अशा पहिल्या यंत्राची नोंद त्या 'एक' मध्ये आहे. त्या ओळीत एक रकाना इंजिनाचाही असावा आणि तो कोराच ठेवावा. १९४० मध्ये वालचंदांनी मागितले होते ते पूर्ण विमान. तो रकाना भरेपर्यंत त्यांची मागणी आपल्याकडून अर्धीच पुरी झालेली आहे, आणि पुढचे काम नेमके कुठे आहे हे तो कोरा रकानाच दाखवत राहील.